दोन मैलांच्या आतली शाळा



न्यूझीलंडमधे नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या दोन महिन्यांत जे शब्द शिकायचं त्यात 'डेसाइल' हा शब्द हमखास असायचा. भाड्याने घर बघायचं तर डेसाइल, विकत घ्यायचं तर डेसाइल आणि शिवाय 'झोन'. कुणाकडे जेवायला गेलं की "तुमच्या मुलांची शाळा कितीची?" हा प्रश्न ठरलेला. शाळा 'दहाची' असेल तर यजमानांचा चेहरा खुलायचा, 'तीनची' असेल तर विषय हळूच क्रिकेटकडे वळायचा. जानेवारी २०२३ पासून सरकारने डेसाइल मोडीत काढलं, पण आपल्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. हा आकडा आला कुठून याचा माग काढायला बसलो आणि ऑकलंडच्या झोनमधून निघून पार तारानाकीच्या गोठ्यांपर्यंत आणि ते उरेवेराच्या डोंगरांपर्यंत जाऊन पोचलो. शाळा मोजण्याचा इथला इतिहास हा मोठ्या प्रमाणात खेड्यातल्या लहान शाळांचा इतिहास आहे.

त्या वाचनातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. प्रत्येक काळात सरकारला पैसे वाटण्यासाठी एखादं माप लागतं. ते माप त्या कामापुरतं ठीक असतं. पण थोड्याच दिवसांत लोक त्याच मापाने शाळेची किंमत ठरवू लागतात, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो लहान शाळेला. कसा, ते बघू.

१८७७ : अंतर आणि हजेरी

१८७६ मधे इथले प्रांत बरखास्त झाले आणि पुढच्याच वर्षी देशभरासाठी एक शिक्षण कायदा आला. शिक्षण मोफत, धर्मनिरपेक्ष आणि सक्तीचं, अशी त्याची तीन सूत्रं. विधेयक मांडलं ते चार्ल्स बोवेन या मंत्र्यांनी. देशाचे १२ शिक्षण जिल्हे पाडले, प्रत्येकाला एक शिक्षण मंडळ, आणि मंडळाच्या खाली गावोगावी निवडलेली शाळा समिती. आपल्याकडची जिल्हा परिषद आणि गावची शाळा समिती डोळ्यापुढे आणा, साधारण तसंच. शिक्षक नेमायचे मंडळाने, सरपण आणि झाडलोट बघायची समितीने.

सक्ती होती ७ ते १३ वयाच्या मुलांना, पण त्यात एक मेख होती. शाळेपासून दोन मैलांच्या आत राहणाऱ्यांनाच ती लागू. त्यापलीकडे राहणाऱ्याला सूट. रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत, तेव्हा सहा-सात वर्षांचं पोर दोन मैलांपेक्षा जास्त कसं चालणार, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. परिणाम असा झाला की दर तीन-चार मैलांवर एक शाळा उघडावी लागली. एका खोलीची, एका शिक्षकाची. जिथे तेवढीही मुलं नव्हती तिथे एकच शिक्षक दोन शाळा आलटून पालटून चालवायचा. त्यांना 'अर्धवेळ शाळा' म्हणत.

पैसे मिळायचे ते सरासरी हजेरीवर, पटावर नव्हे. म्हणजे पाऊस पडला, नदीला पूर आला, गोवर आला की हजेरी घसरली आणि हजेरी घसरली की अनुदान घसरलं. शहरातल्या शाळेत पाच मुलं आजारी पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. वीस मुलांच्या शाळेत पाच म्हणजे चौथा हिस्सा! शिक्षकांचे पगारसुद्धा मंडळागणिक वेगवेगळे होते. देशभर एकच वेतनश्रेणी यायला १९०१ चा कायदा यावा लागला.

तारानाकीत आणखी एक अडचण होती. दुधाचा धंदा वाढला तशी घरोघरची मुलं पहाटे उठून धारा काढायची, मग शाळेत यायची आणि संध्याकाळी परत गोठ्यात. ही मुलं वर्गात पेंगतात अशी तक्रार तेव्हा नेहमीचीच झाली होती. हजेरी लागली, पण मूल झोपलेलं. हजेरीपटाला ते दिसत नाही.

निकालाची टक्केवारी ही काही आजची गोष्ट नव्हे

शाळांचे निकाल छापून त्यांची तुलना करायची टूम अलीकडची आहे असं आपल्याला वाटतं. पण १८७८ पासून इथे पहिली ते सहावी अशा 'स्टँडर्ड'च्या परीक्षा होत्या. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा घोड्यावरून यायचा, एकेक मूल उभं करून तपासायचा, आणि शाळेतली किती टक्के मुलं पास झाली ते अहवालात छापून यायचं. शिक्षकाची अब्रू त्या एका दिवसावर.

जरा हिशेब करून बघा. एखाद्या शाळेत चौथ्या इयत्तेत चार मुलं. एकाला ताप आला, निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी दोनच मुलं, त्यातलं एक नापास, निकाल ५० टक्के. त्याच्या पुढच्या वर्षी तीन मुलं, तिन्ही पास, निकाल शंभर! शिक्षक तोच, फळा तोच. तीन वर्षांत शाळा आधी 'बिघडली' आणि मग 'सुधारली', आणि प्रत्यक्षात काहीच घडलं नाही. आपल्यात संख्याशास्त्र शिकलेले बरेच आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. पण आपणच शाळांच्या याद्या वाचताना हे सोयिस्करपणे विसरतो.

१८९९ मधे जॉर्ज हॉगबेन शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. ते गणिताचे माणूस. त्यांनी ही टक्केवारी हळूहळू मोडून काढली आणि मुलाला कुठल्या वर्गात घालायचं ते मुख्याध्यापकाने ठरवावं अशी व्यवस्था आणली. तब्बल एका शतकानंतर, २०१० मधे, 'नॅशनल स्टँडर्ड्स' या नावाने तोच प्रकार परत आला. २०१२ मधे वर्तमानपत्रांनी शाळाशाळांचे आकडे छापले आणि २०१७ च्या डिसेंबरमधे तेही बंद झालं. इतिहास फिरून फिरून तिथेच येतो, तो असा.

दुसरी रांग

हे सगळं मुख्यतः गोऱ्या वसाहतवाल्यांच्या शाळांचं झालं. माओरी गावांसाठी वेगळी व्यवस्था होती. १८६७ च्या 'नेटिव्ह स्कूल्स' कायद्याने माओरी वस्तीला शाळा हवी असेल तर त्यांनी अर्ज करायचा, जमीन द्यायची, इमारतीचा निम्मा खर्च आणि शिक्षकाच्या पगाराचा चौथा हिस्सा उचलायचा. (१८७१ मधे या अटी सैल झाल्या.) जमिनीच्या लढाया नुकत्याच होऊन गेलेल्या, सुपीक जमिनी जप्त झालेल्या, तरी गावांनी जमिनी दिल्या आणि शाळा मागून घेतल्या. शिक्षणाचं माध्यम मात्र इंग्रजी. पुढे अनेक शाळांत माओरी बोललं म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या. १८७७ च्या कायद्यातली सक्ती माओरी मुलांना लागू व्हायला १८९४ उजाडलं, आणि या वेगळ्या शाळा सर्वसाधारण मंडळांच्या ताब्यात गेल्या त्या १९६९ मधे.

लोकसंख्या कशी आहे यावरून शाळा कशी मिळेल हे ठरतं, याचं एक उघडंवाघडं उदाहरण ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहेत आहे. कांदा-बटाट्याच्या मळ्यांचा हा भाग. इथे १९२६ मधे 'व्हाइट न्यूझीलंड लीग' निघाली, चिनी आणि भारतीय मळेवाल्यांच्या विरोधात. त्या मळ्यांत आपले गुजराती आणि पंजाबी लोक राबत होते. याच गावात १९५२ मधे माओरी मुलांसाठी वेगळी शाळा काढण्यात आली. आज आपल्यातले कितीतरी जण पुकेकोहेत घरं घेतात. गावाचा हा भूतकाळ ठाऊक असलेला बरा.

बस आली, शाळा गेली

१९२४ मधे किंग कंट्रीतल्या पिओपिओ गावी मोटारबसने मुलं आणायला सुरुवात झाली आणि खेड्यातल्या शिक्षणाचा नकाशा बदलला. आजूबाजूच्या चिमुकल्या शाळा बंद करून एक मोठी शाळा चालवणं शक्य झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२२ मधे, जिथे बसही पोचणार नाही अशा दीपगृहांवरच्या आणि डोंगरातल्या मुलांसाठी पत्राने शिकवणारी शाळा निघाली होती. जॅनेट मॅकेंझी या एकट्या बाईंनी वेलिंग्टनमधून सुरू केलेली ही शाळा आज 'ते आहो ओ ते कुरा पोउनामु' या नावाने चालू आहे.

इथे एक मजा सांगतो. आजही सरकारी शाळा-बस मिळायची अट काय आहे? आठवीपर्यंतचं मूल जवळच्या शाळेपासून किमान ३.२ किलोमीटर दूर राहत असलं पाहिजे, आणि त्यावरच्या वर्गांना ४.८ किलोमीटर. हे असले विचित्र आकडे कुठून आले? ३.२ किलोमीटर म्हणजे दोन मैल आणि ४.८ म्हणजे तीन मैल! १८७७ मधे 'यापलीकडे राहणाऱ्याला शाळा माफ' म्हणणारा दोन मैलांचा आकडा आज 'यापलीकडे राहणाऱ्याला आम्ही घेऊन येऊ' असं म्हणतो. आकडा तोच, पण बाजू पूर्ण उलटी. शासनाने एखाद्या आकड्याला चांगल्या कामाला लावल्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

या उलट्या बाजूमागे एक विचार होता. १९३९ मधे शिक्षणमंत्री पीटर फ्रेझर यांनी एक धोरण जाहीर केलं, ते लिहिलं होतं सी. ई. बीबी यांनी. श्रीमंत असो की गरीब, शहरात राहो की खेड्यात, आपल्या कुवतीनुसार मोफत शिक्षण मिळणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क, असा त्याचा आशय. इथले जुने शिक्षक त्याचा उल्लेख अजून करतात. शिक्षकांनाही बढती हवी असेल तर आधी काही वर्षं खेड्यात नोकरी करावी लागे. आपल्याकडे दुर्गम भागातली बदली म्हणजे शिक्षा समजतात. इथे ती वर चढायची पहिली पायरी होती.

आत डोकावून पाहणारे दोघे

आकडे बाजूला ठेवून लहान शाळेच्या आत नेमकं काय चालतं हे ज्यांनी पाहिलं त्यांतल्या दोघांबद्दल सांगतो.

पहिले क्रॉफर्ड सॉमरसेट. कँटरबरीतल्या ऑक्सफर्ड नावाच्या लहानशा गावात ते शिक्षक होते. १९३८ मधे त्यांनी 'लिटलडीन' या टोपणनावाने त्या गावावर पुस्तक लिहिलं. गावात कोण काय करतं, पैसा कुठून येतो, लोक काय वाचतात, शाळा त्यात कुठे बसते, असा सगळा अभ्यास. न्यूझीलंडच्या खेड्याचा पहिला नीट समाजशास्त्रीय अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. त्या काळातला एक वाद वाचताना मला आपल्या गावांची फार आठवण झाली. हॉगबेनसाहेबांपासून सगळ्या अधिकाऱ्यांना वाटायचं की खेड्यातल्या मुलांना शेतीचं शिक्षण द्यावं. पालकांना ते नको होतं. त्यांना मुलांनी मॅट्रिक व्हावं, लॅटिन शिकावं आणि गोठ्यातून सुटावं असं वाटे. शाळा जितकी चांगली तितकी हुशार मुलं गावाबाहेर जाणार. म्हणजे खेड्यातली शाळा यशस्वी झाली की तिचाच पट कमी होतो! आपण सगळे इथे बसून हे वाचतो आहोत, ते अशाच कुठल्या तरी शाळेच्या यशामुळे आणि तिच्या कमी झालेल्या पटामुळे.

दुसरे एल्विन रिचर्डसन. १९४९ मधे ते उत्तर टोकाकडच्या मांगोनुईजवळ ओरुआइती नावाच्या लहानशा शाळेवर गेले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. मुलं माओरी आणि पाकेहा, शेतकऱ्यांची. खात्याकडून त्यांनी ठरलेल्या अभ्यासक्रमापासून दूर जाण्याची मोकळीक मिळवली. मग मुलांनी आसपासची माती खणून भांडी घडवली, भट्टीत भाजली, लिनोवर ठसे कोरले, किडे-कीटक निरखून वह्या भरल्या, कविता केल्या आणि एकमेकांच्या कामावर चर्चा केली. त्या अनुभवावरचं त्यांचं 'इन द अर्ली वर्ल्ड' हे पुस्तक १९६४ मधे निघालं आणि पुढे अमेरिकेतही छापलं गेलं. जगभरच्या शिक्षकांनी ते वाचलं. पण त्या शाळेचं तेव्हाचं काम पटाच्या, हजेरीच्या किंवा निकालाच्या रकान्यात घालायला गेलात तर काहीच उरणार नाही.

१९८९ : जिल्हाच नाहीसा झाला

१९८४ नंतर न्यूझीलंडची आर्थिक घडी उलटीपालटी झाली. शेतीची अनुदानं गेली. १९८७ मधे सरकारी वनखातं मोडलं आणि मिंगिनुईसारख्या जंगलातल्या वसाहतींचे रोजगार गेले. फेब्रुवारी १९८८ मधे ४३२ टपाल कचेऱ्या एका फटक्यात बंद झाल्या. १९८२ मधे या देशात ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटीसुद्धा नाहीत. मेंढ्या कमी झाल्या तशी राखणारी माणसं कमी झाली, आणि माणसं कमी झाली तशी शाळेतली मुलं. गावात पोस्ट नाही, बँक नाही. उरली ती शाळा.

नेमक्या याच वेळी शिक्षणाचा कारभार बदलला. ब्रायन पिको नावाच्या उद्योजकाच्या समितीने १९८८ मधे अहवाल दिला. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड लाँगी शिक्षणमंत्रीही होते, त्यांनी 'टुमॉरोज स्कूल्स' हे धोरण आणलं. १ ऑक्टोबर १९८९ ला जुनी शिक्षण मंडळं संपली. प्रत्येक शाळेचं स्वतःचं, पालकांनी निवडलेलं मंडळ आलं. मुख्याध्यापक नेमणं, पैसे वापरणं, इमारत सांभाळणं, सगळं त्याच्याकडे.

अमेरिकेतली आपली मंडळी 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात तसं इथे आता काहीच नाही. प्रत्येक शाळा हाच एक जिल्हा! शहरातल्या शाळेत पालक म्हणून वकील, अकाउंटंट, इंजिनियर मिळतात. बारा घरांच्या शाळेत मंडळावर पाच पालक लागले तर जवळजवळ अर्धी घरं कारभारी झाली. दिवसभर शेतात राबून रात्री आरोग्य-सुरक्षेचे नियम आणि अंदाजपत्रक वाचायचं. मुख्याध्यापक स्वतः वर्ग शिकवतो, फोन घेतो, तुंबलेला नळही बघतो. त्याने राजीनामा दिला की दुसरा मिळणं मुश्किल. लहान शाळेचं कौतुक करताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलालाही आपल्या वयाचा एखादाच सोबती मिळतो, आणि त्याच्याशी पटलं नाही तर संपलंच.

२००३ मधे शिक्षणमंत्री ट्रेव्हर मॅलार्ड यांनी घटत्या पटाचा विचार करून भागाभागातल्या शाळांची फेरतपासणी चालवली. बंद करणं आणि विलीन करणं याला इतका विरोध झाला की फेब्रुवारी २००४ मधे अशा तपासण्यांवर पाच वर्षांची स्थगिती जाहीर करावी लागली. बाहेरच्याला वाटेल, वीस मुलांच्या शाळेसाठी एवढा आरडाओरडा कशाला? पण त्या शाळेचं पटांगण म्हणजेच गावाचं पटांगण. उन्हाळ्यात शाळेच्या पोहण्याच्या तलावाची किल्ली घराघरात असते. 'काफ डे'ला मुलं आपापलं वासरू सजवून आणतात, आपल्याकडच्या बैलपोळ्यासारखं. मतदान शाळेतच. शाळा गेली की लोकांना एकत्र यायला कारणच उरत नाही, आणि नवीन तरुण कुटुंब त्या गावात यायला तयार होत नाही.

२०१९ मधे मात्र गाडी उलटी फिरता फिरता राहिली. बाली हक यांच्या समितीने पुन्हा प्रादेशिक 'हब' काढा, म्हणजे थोडक्यात जुनी मंडळं परत आणा, असं सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. असो.

डेसाइल म्हणजे नेमकं काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डेसाइल आलं १९९५ मधे. शाळेतली मुलं जिथे राहतात त्या छोट्या छोट्या जनगणना-विभागांतल्या घरांचं उत्पन्न, कामधंद्याचा प्रकार, घरातली दाटी, पालकांचं शिक्षण आणि सरकारी भत्ते यांवरून शाळांची क्रमवारी लावायची आणि दहा सारखे भाग करायचे. एकच्या शाळेला जास्त पैसे, दहाच्या शाळेला कमी. बस. शिकवणं चांगलं की वाईट याचा त्यात एक थेंबही नव्हता. 'दहाची शाळा' याचा अर्थ एवढाच, की या शाळेतल्या मुलांच्या शेजाऱ्यांकडे पैसे आहेत. मंत्रालय वर्षानुवर्षं हे सांगत राहिलं, पण आपण, आणि आपणच नव्हे तर सगळेच, त्याचा अर्थ शाळेची प्रत असाच लावत राहिलो. घरांच्या जाहिरातीत डेसाइल छापून यायचं ते उगाच नाही.

लहान शाळेत या आकड्याची आणखीच गंमत. शेवटची आकडेमोड झाली ती २०१३ च्या जनगणनेवरून. म्हणजे २०२२ पर्यंत शाळा नऊ वर्षं जुन्या फोटोवर चालत होत्या. शहरात नऊ वर्षांत वस्तीचा स्वभाव फारसा बदलत नाही. साउथलंडमधे मात्र मेंढ्यांच्या शेतांची दुधाची शेतं झाली आणि फिलिपिन्समधून गडी माणसं कुटुंबांसकट आली. तीस मुलांच्या शाळेत अशी चार कुटुंबं आली की शाळेचा चेहरा बदलतो. त्यात इथली एक जुनी रीत अशी की दुधाच्या धंद्यातले भागीदार आणि कामगार १ जूनला शेतं बदलतात. बिऱ्हाड, गाई, कुत्री, पोरं, सगळं घेऊन दुसऱ्या गावाला. शाळेने पटाचा आकडा सरकारला कळवायचा मार्चच्या आणि जुलैच्या पहिल्या तारखेला. मधे १ जून! मार्चमधला पट आणि जुलैमधला पट म्हणजे दोन वेगवेगळ्या शाळा असू शकतात. अशा शाळेच्या 'निकालाची वाटचाल' कशी मोजणार? गेल्या वर्षी मोजलेलं मूल या वर्षी दुसऱ्याच जिल्ह्यात फळ्यासमोर बसलेलं असतं.

२०२३ पासून डेसाइलच्या जागी 'इक्विटी इंडेक्स' आला. वस्तीऐवजी प्रत्यक्ष मुलांच्या घरच्या परिस्थितीचे ३७ घटक तो मोजतो, आकडा ३४४ ते ५६९ च्या मधे पडतो, आणि या वेळी मोठा आकडा म्हणजे जास्त अडचणी. माप जास्त बारीक झालं, चांगलंच आहे. पण तेही पैसे वाटण्याचंच माप आहे.

आता रूआतोकीबद्दल. ते उरेवेराच्या पायथ्याला फाकाताने नदीच्या खोऱ्यात तूहोए लोकांचं हे गाव. १९७० च्या दशकात भाषातज्ज्ञ रिचर्ड बेंटन यांनी माओरी भाषेचं मोठं सर्वेक्षण केलं, घरोघरी जाऊन. दशकाच्या शेवटी चित्र असं दिसलं की जिथली सगळी मुलं माओरी सहज बोलतात असं जवळजवळ एकच गाव उरलंय, ते रूआतोकी. १९७८ मधे तिथली शाळा देशातली पहिली अधिकृत द्विभाषिक शाळा झाली. १९८२ मधे पहिलं 'कोहांगा रेओ' म्हणजे माओरी बालवाडी निघाली, १९८७ मधे माओरी अधिकृत भाषा झाली. आज ऑकलंडच्या शाळेत आपली मुलं माओरी प्रार्थना म्हणतात, त्यामागे अशा गावांनी जपून ठेवलेली शिदोरी आहे. उत्पन्न, नोकरी, घरातली दाटी यांच्या तक्त्यात ही शिदोरी मांडायला रकानाच नाही. त्या तक्त्यात असलं गाव नेहमी तळाशीच दिसणार. आणि ज्या एका बाबतीत ते सगळ्या देशात श्रीमंत होतं, नेमकी तीच बाब मोजायची राहून जाणार. घरी मराठी टिकवायला धडपडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे विसरू नये.

आणि आपल्याकडे

हे सगळं वाचताना मी सारखा महाराष्ट्राकडे बघत होतो. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जून आला की 'पट टिकला पाहिजे' म्हणून शिक्षक मंडळी वाड्यावस्त्यांवर पायपीट करत, मूल शोधून आणत. पटावर शिक्षक टिकतो, शिक्षकावर शाळा. पैसा पटाशी बांधला की दुसरंही टोक दिसतं. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभरात लाखो बोगस विद्यार्थी सापडले ते यामुळेच.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मधे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९६२ मधे जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा वाडीवाडीत पोचली. आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १५ हजारांच्या आसपास आहेत. डिसेंबर २०१७ मधे दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मधे 'समूह शाळां'ची योजना आली. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही तिची नमुन्याची ठिकाणं. म्हणजे पिओपिओ, शंभर वर्षांनी. कल्पना मुळात वाईट नाही. दोन मुलांच्या वर्गात कुणालाच मजा येत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि ती बंद करायची तर मुलाला नेण्या-आणण्याची सोय हवी. न्यूझीलंडने ती सोय आकड्यानिशी लिहून ठेवली आणि अजून पाळतो आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सातपुड्यातल्या पाड्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीला कोण नेणार, याचं उत्तर आधी लिहून मागा. शाळा सुटलेला मुलगा कदाचित परत येतो. मुलगी बहुधा येत नाही.

आपल्यापैकी बरेच जण गावच्या शाळेला संगणक देतात, खोली बांधून देतात. फार चांगलं काम आहे. जोडीला एक करा. पुढच्या वेळी गावी गेलात की पट विचारा, मग शेजारच्या वाडीची शाळा चालू आहे का ते विचारा, आणि बंद असेल तर तिथली मुलं आता कशी जातात ते स्वतः चालून बघा.

आणि इथे घर बघताना शाळेचा आकडा जरूर विचारा, पण तो कशाचा आकडा आहे आणि किती मुलांवरून काढलाय तेही विचारा. मग एका सकाळी शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, भिंतीवर मुलांनी काय लावलंय ते बघा. शाळेच्या मंडळाची निवडणूक दर तीन वर्षांनी होते, तिला उभे राहा. आपल्यातले हिशेब जाणणारे लोक अशा लहान मंडळांना सोन्यासारखे वाटतील.

आपला स्नेहांकित,
एक वायकाटोकर